तिच्यासोबत बँकेपर्यंत जा

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. आरोग्य धोरणाच्या संशोधनातच राहायचं, आणि तेही यवतमाळकडच्या खेड्यांत, हे तू ठरवलंस याचा फार आनंद झाला. सोबतची, पहिलटकरणीला सरकारकडून पैसे मिळतात त्या मातृवंदना योजनेवरची प्रश्नावली वाचली. तिच्यातला पहिला प्रश्न काढून टाक: 'तुम्हाला ही योजना माहीत आहे का?'

माझ्याही पहिल्या सर्वेक्षणात तो होता. बहुतेक बायांनी घुटमळत 'नाही' म्हटलं आणि मी अहवालात 'जनजागृती वाढवावी' असं लिहून मोकळी झाले. ते चुकलं होतं. बायांना योजना ठाऊक होती, तिचं सरकारी नाव ठाऊक नव्हतं. 'मातृवंदना' म्हटलं की सगळ्या गप्प, 'पहिलटकरणीचे पाच हजार' म्हटलं की शेजारीणसुद्धा कुंपणावरून बोलू लागे.

घाटंजीकडची एक बाई अजून डोळ्यांपुढे आहे. मांडीवर बाळ. प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं कागद काढून सतरंजीवर मांडले. आधारवर माहेरचं नाव, माता-बाल संरक्षण कार्डावर सासरचं, पासबुकात तिसरंच. "नाव माहंच हाय मॅडम," ती म्हणाली, "पन यायले कोन्तं पायजे थे तं सांगा." ही योजना २०१७ पासून आहे, पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी! नोंदणी सासरच्या आरोग्य उपकेंद्रात, बाळंतपण दुसऱ्या तालुक्यात, लसी अर्ध्या इथं अर्ध्या तिथं. आणि शेवटचा हप्ता लसीकरणाच्या नोंदीवर अडलेला. ज्या बाळंतपणासाठी पैसा द्यायचा, तेच बाळंतपण बाई कुठं करते याचा विचार नियमांत पुरेसा झाला नाही, असं माझं ठाम मत आहे.

नाव दुरुस्त झालं तरी तिचा पैसा दिसेना. मग मी तिच्यासोबत बँकेत गेले. आधारवरून येणारा पैसा, आधार ज्या खात्याला शेवटी जोडलं असेल त्या खात्यात जातो. तिचं आधार शेवटी जोडलं गेलं होतं ते कर्जासाठी उघडलेल्या दुसऱ्याच बँकेतल्या खात्याला. पहिला हप्ता तिथं कधीचा पडून होता. सरकारी नोंदीत ती लाभार्थी होती, माझ्या सर्वेक्षणात वंचित. आणि घरात बाळंतिणीच्या डिंकाला पैसे नव्हते.

म्हणून आकडे घेच, पण प्रत्येक गावात दोघींच्या तरी कागदासोबत अंगणवाडीपासून हातात नोट पडेपर्यंत स्वतः चालत जा. निराधारांचं अनुदान असो की क्षयरुग्णांच्या पोषणाचे दरमहा हजार, असंच कर.

तुझा निबंध इंग्रजीत छापला जाईल, जावाच. त्याआधी दोन पानं मराठीत लिही आणि गावोगावच्या आशा सेविकांच्या बैठकीत वाचून दाखव. त्या तिथल्या तिथं चुका सांगतील. माझं एकच काम खरं कामी आलं असं मी मानते: अशाच एका बैठकीनंतर एका उपकेंद्रातल्या सिस्टर पहिल्या नोंदणीलाच आधार समोर ठेवून कार्डावर नाव लिहू लागल्या.

आता वेचणी सुरू होईल. दुपारी घरी कुणी सापडणार नाही, आणि दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला चाळीस प्रश्न विचारू नकोस. ती मजुरी पाडून तुझ्यासोबत बँकेत येणार असेल, तर ती मजुरी आणि एसटीचं भाडं प्रकल्पाच्या खर्चात आधीच धर. कुणाच्या आधारचे फोटो मोबाइलमध्ये ठेवू नकोस.

दिवाळीनंतर मी तिकडे येते. तुझ्या त्या दोघींकडे मला घेऊन चल.

तुझी,
ताई