जुन्या कॅम्पिंग शेगडीला नळी आणि घरगुती रेग्युलेटर जोडता येईल का?

हो, पण शेगडी कमी दाबावर चालणारी असेल तरच. घरगुती रेग्युलेटर गॅस साधारण ३० मिलिबार दाबाने सोडतो. थेट सिलिंडरवर बसणाऱ्या जुन्या शेगड्यांचं जेट (बर्नरकडे गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) बऱ्याचदा सिलिंडरच्या पूर्ण दाबासाठी बारीक केलेलं असतं. तिथे रेग्युलेटर लावला की ज्योत मिणमिणते, आणि ती वाढवायला जेटचं भोक मोठं करणं हा जिवाशी खेळ आहे, तो कृपया करू नका. आधी शेगडीवरची पाटी बघा, त्यावर दाब लिहिलेला असू शकतो.

कमी दाबाची असेल तर:
- आयएसआय चिन्हाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी घ्या. दीड मीटरपेक्षा लांब नको. साधी रबरी नळी तर नकोच.
- नोझलवर पूर्ण सरकवून क्लिप आवळा.
- शेगडीचे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा दिसला की लगेच बंद. काडी ओढून गळती कधीही तपासू नका.

हे सगळं उघड्यावर करा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि तंबूत जमिनीलगत साचतो. नॉबपाशीच फेस फुगला तर आतलं ग्रीस वाळलेलं असू शकतं. मग शेगडी मेकॅनिककडे न्या.