फिलिपिन्समधल्या नगरपालिकेच्या परिषदेत कोण कोण असतं आणि त्यांची निवड कशी होते?

साधारण नगरपालिकेच्या परिषदेत, म्हणजे 'सांगुनियांग बायान'मध्ये, थेट निवडून आलेले 8 सदस्य, अध्यक्षस्थानी उपमहापौर आणि काही पदसिद्ध सदस्य असतात. ही रचना 1991 च्या स्थानिक शासन संहितेत दिली आहे. या 8 जागांसाठी प्रभाग नसतात. सगळं गाव मिळून एकच मतदारसंघ असतो, प्रत्येक मतदार 8 पर्यंत नावं निवडतो आणि सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले 8 जण निवडून येतात. मुदत 3 वर्षांची, आणि सलग 3 मुदतींपेक्षा जास्त राहता येत नाही.

महापौर आणि उपमहापौर यांनाही लोकच निवडतात, पण वेगवेगळ्या मतांनी. त्यामुळे दोघे विरोधी पक्षांचे असू शकतात, आणि परिषदेचं कामकाज उपमहापौर चालवत असल्यानं याला खरंच महत्त्व आहे. मात्र उपमहापौरांना मत देता येतं ते फक्त समसमान मतं पडली तरच.

पदसिद्ध सदस्यांत दोघे नेहमीचे: गावातल्या बारांगाय (सर्वात खालचा घटक) प्रमुखांच्या संघटनेचा अध्यक्ष आणि युवा परिषदांच्या महासंघाचा अध्यक्ष. तरुणांना कायद्यानंच जागा मिळते, ही मला या रचनेतली सर्वात चांगली गोष्ट वाटते. जिथे आदिवासी समाज आहे तिथे त्यांचाही प्रतिनिधी असतो.

एक लक्षात घ्या: 8 हा आकडा सगळीकडे लागू नाही. शहरांत आणि प्रांतांत जागा जास्त असू शकतात, आणि प्रांतिक परिषदेची निवडणूक जिल्हावार होते.