बाळांच्या लसींचे टायटर पहिल्यांदाच वाचताय? मग आधी एवढंच बघा

अहो घाबरू नका, सुरुवातीला सगळ्यांचंच डोकं गरगरतं. टायटर म्हणजे रक्त किती पट पातळ केलं तरी त्यातल्या अँटीबॉडीज सापडतात तो आकडा; ३२ म्हणजे १:३२.

१) पहिल्या डोसच्या आधीचं रक्त बघा. आईकडून आलेल्या अँटीबॉडीज साधारण चार आठवड्यांत निम्म्या होत जातात, म्हणजे समजा सहाव्या आठवड्यात टायटर ३२ होता आणि अठराव्यातही ३२च आला तर नवखा माणूस म्हणतो लस लागलीच नाही, पण लस नसती तर तो तीनदा निम्मा होऊन ४ वर आला असता, म्हणजे आठपट फरक पडलाय की! (मी हे उलटं लिहून बोलणी खाल्लीयेत.)

२) पोलिओचे तिन्ही टाइप वेगवेगळे वाचा, सरासरी काढत बसू नका. १:८ला संरक्षण धरतात. एप्रिल २०१६ नंतर नेहमीच्या थेंबांत टाइप २ नाहीच, तो इंजेक्शनमधून मिळतो.

३) रक्तातली अँटीबॉडी वेगळी, आतड्यातली वेगळी. इंजेक्शन लकव्यापासून वाचवतं, पण आतड्यात विषाणू अडवायला थेंबच भारी.

आणि कॉम्बिनेशन लसीत (एकाच सुईत अनेक लसी) हिबचा (मेंदुज्वर, न्यूमोनिया करणारा जिवाणू) आकडा जरा कमी दिसला की लगेच बोंब नको, संरक्षणाची ०.१५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलिटरची रेषा किती बाळांनी ओलांडली ते आधी मोजा. स्टॅटिस्टिक्स वगैरे नंतर.