गटार तुंबली, फोन कुणाला लावू?

प्रश्न : आमच्या प्रभागात आता चार नगरसेवक. पूर्वी एकच होता, त्याच्या दारात जाऊन बसायचो. आता एक म्हणतो ती गल्ली माझ्याकडं नाही, दुसऱ्याला विचारा. काय करायचं? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : अहो, गल्ल्या त्यांनी आपापसात वाटून घेतल्यात, कायद्यात तसलं काही नाही, चौघंबी अख्ख्या प्रभागाचेच. २०१५ ला कोल्हापुरात ८१ वॉर्ड, ८१ नगरसेवक असा सरळ हिशेब होता, आता नगरसेवक तेवढेच पण प्रभाग २०, त्यातल्या १९ मध्ये चार-चार आणि एकात पाच. प्रभागातल्या चार जागांना अ, ब, क, ड म्हणतात, त्या प्रत्येक जागेची लढत वेगळी, म्हणून तर तुम्ही मशीनवर चार बटणं दाबली, आणि कुठल्या जागेला कुणीच पटलं नसेल तर तिथं ‘नोटा’चं, म्हणजे ‘यापैकी कुणीच नको’चं बटण. पहिले चार नंबर निवडून येतात असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतंय. मुंबईत मात्र अजून एक वॉर्ड एक नगरसेवक, तिकडच्यांची मजा आहे.

तर लेखी अर्ज करा, त्यावर चौघांचीही नावं घाला आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं चहाबरोबर विरघळतं.