स्टीमवरचे खेळ भावाच्या मुलांना खुले करावेत का?

भावाची दोन मुले तुमच्याच घरात राहतात, एक चौदा वर्षांचा आणि दुसरा वीस वर्षांचा. स्टीम या संगणकावरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून तुम्ही घेतलेले खेळ त्यांना खुले करावेत का आणि त्यात तुमच्या खात्याला धोका काय, असे तुम्ही विचारले आहे. खुले करावेत. मात्र वस्तू उसनी देणे आणि जामीन राहणे यांतला फरक आधी समजून घ्यावा, कारण स्टीमवर आपण करतो ते दुसरे असते. मला हे कळेपर्यंत एक खेळ हातचा गेला होता.

माझा भाचा २०२४च्या पावसाळ्यात अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्यात आमच्याकडे राहायला आला आणि त्याच सप्टेंबरमध्ये स्टीमची नवी कुटुंब-व्यवस्था सर्वांसाठी सुरू झाली. जुन्या पद्धतीत मालकाने कोणताही खेळ सुरू केला की उसन्यावर खेळणाऱ्याला काही मिनिटांत उठावे लागे, मग भले दोघांचे खेळ वेगळे असोत. नव्या पद्धतीत सहा जणांपर्यंतचे कुटुंब करता येते आणि सगळे एकाच वेळी वेगवेगळे खेळ खेळू शकतात. नऊ वर्षे सेलमध्ये जमवलेले माझे एकशे चाळीस खेळ, ज्यांतले निम्मे मी स्वतः उघडूनही पाहिलेले नाहीत, कोणाच्या तरी कामी येणार या आनंदात मी त्याला त्याच रात्री आमंत्रण धाडले. सदस्याला ‘प्रौढ’ म्हणून घ्यायचे की ‘मूल’ म्हणून, हे तेथे ठरवावे लागते. मुलाला कोणते खेळ दिसावेत, त्याने दिवसाला किती वेळ खेळावे, हे आपल्या हाती राहते. प्रौढावर असे बंधन घालता येत नाही. एकोणीस वर्षांच्या, मिशी फुटलेल्या भाच्याला ‘मूल’ म्हणायला मला संकोच वाटला. तो संकोच मला महागात पडला.

माझ्या संग्रहात एक ऑनलाइन गोळीबाराचा खेळ होता, २,४९९ रुपयांना पूर्ण किमतीत घेतलेला. दर गुरुवारी रात्री नाशिकचा एक, दुबईचा एक आणि आणखी दोन कॉलेजमित्र त्यावर जमायचे. खेळापेक्षा गप्पाच अधिक व्हायच्या. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी खेळ उघडला, तर मला कायमची बंदी घातल्याची सूचना समोर आली. भाच्याने भिंतीपलीकडचा शत्रू दिसावा म्हणून कुठलासा चीटचा प्रोग्रॅम टाकला होता, ‘फक्त गंमत म्हणून’. कुटुंबातील सदस्य तुमच्या प्रतीवर खेळत असताना फसवणुकीत सापडला, तर त्या खेळात त्याच्यासह तुमच्यावरही बंदी येते. कुटुंबातल्या इतरांना झळ लागत नाही. लागते ती मालकाला. वर आपल्या प्रोफाइलवर बंदीची नोंद येते, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो नसता तर प्रत्येक लबाडाने भावाच्या प्रतीवर लबाडी करून स्वतःचे खाते कोरे ठेवले असते.

ताईला फोन केला, तर ती म्हणाली, “तुझं गेलं काय? खेळ तर अजून तुझ्या यादीत दिसतोय ना?” पाठोपाठ तिने यूपीआयवर २,५०० रुपये पाठवले, म्हणजे वर एक रुपया जास्तच. मी ते त्याच मिनिटाला परत केले आणि आम्ही दोन महिने बोललो नाही. ज्यांना गेमचे पैसे म्हणजे उधळपट्टी वाटते, त्यांना गेलेल्या गेमची किंमत पावतीवरच्या आकड्याएवढीच कळते. माझे गुरुवार त्या आकड्यात नव्हते.

आई मात्र म्हणाली, “बापावर गेलास.” माझ्या वडिलांनी आत्याच्या यजमानांच्या टेम्पोच्या कर्जासाठी एका पतसंस्थेत जामीन म्हणून सही केली होती. हप्ते थकले आणि पुढची तीन वर्षे वडिलांच्या पगारातून दरमहा चारशे रुपये कापले गेले. आईने हे कधीच माफ केले नाही आणि मीही कायम तिच्याच बाजूने बोललो: कर्जाचा कागद न वाचता सही करणारा माणूस भाबडाच म्हणायचा. वडील एवढेच म्हणत, “सही केली नसती, तर तिच्या दारात कोणत्या तोंडाने गेलो असतो?” मी आमंत्रण धाडताना नियमांचे पान उघडलेसुद्धा नव्हते. वडिलांनी निदान पेन तरी हातात धरले होते.

तेव्हा तुमच्या बाबतीत: धाकट्याला ‘मूल’ म्हणून घ्या आणि त्याला दिसणारे खेळ स्वतः निवडा. थोरल्याला आमंत्रण पाठवण्याआधी समोर बसवून विचारा की ऑनलाइन खेळांत त्याने कधी चीट वापरले आहे का. उत्तर द्यायला तो अडखळला तर थांबा. वहिनींना वाईट वाटेल, ते वाटू द्या. खरोखर उसने देणे पाहायचे असेल, तर निन्टेंडो या गेम कंपनीने २०२५मध्ये आणलेल्या आभासी गेम कार्डांकडे पाहा, म्हणजे डिजिटल विकत घेतलेला खेळ कार्डाच्या रूपात: कार्ड कुटुंबातल्या सदस्याला चौदा दिवसांसाठी देता येते, तेवढ्या काळात मालकाला तो खेळ खेळता येत नाही, आणि मुदत संपताच ते आपोआप परत येते. लहानपणी टीव्ही गेमची कॅसेट शेजारी दिली की असेच होई, फक्त ती आपोआप परत येत नसे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एकच खेळ दोघांना एकाच वेळी खेळायचा असेल, तर कुटुंबात त्याच्या दोन प्रती लागतात. वेगळे खाते किंवा वर्गणी लागणारे काही खेळ आणि निर्मात्यांनी वगळलेले खेळ वाटताच येत नाहीत. प्रत्येकाची प्रगती मात्र स्वतंत्र साठवली जाते, त्यामुळे धाकटा तुमचा अर्धवट खेळ पुसून टाकील ही भीती नको. बाकीचे एकशे एकोणचाळीस खेळ आमच्या घरात आजही सुखाने चालू आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

भाचा अजून आमच्या कुटुंबात आहे. सदस्याला काढले तरी त्याची जागा लगेच दुसऱ्याला देता येत नाही, वर्षाची मुदत पाळावी लागते, म्हणून ठेवला आहे, असे मी आईला सांगितले. तिला ते पटलेले नाही.