ऑर्डरी परत आल्या, पण पैसा उरत नाही

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी टर्निंगचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथचं) छोटं वर्कशॉप आहे, सहा मशिनी. 2019 च्या ऑटो मंदीत काम निम्म्यावर आलं, त्यातून सावरतोय तोवर मार्च 2020 चा लॉकडाऊन, तेव्हा गावी गेलेली चार पोरं परत आलीच नाहीत. आता काम भरपूर आहे पण महिनाअखेरीला हातात काही राहत नाही. एकजण म्हणतो रोबोट घ्या, दुसरा म्हणतो ईआरपी, म्हणजे ऑर्डर, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर. आधी काय घेऊ?

उत्तर: सध्या दोन्ही थांबवा. सेटिंगसाठी, म्हणजे पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करायला, ते दीड तास बंद असेल तर रोबोटही शेजारी उभाच राहणार ना. आधी मशीन दिवसात खरं किती वेळ कापतंय ते बघा. आठ तासांची शिफ्ट म्हणजे 480 मिनिटं, सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, 4 मिनिटं धरला तर 120 जॉब निघायला हवेत, आणि चांगले निघाले 72, म्हणजे ओईई (मशीनच्या वेळेचा खरा उपयोग) 60 टक्के, मग बाकीची 192 मिनिटं गेली कुठे? शिफ्ट संपताना ऑपरेटर आठवून वहीत लिहितो त्यात हे सापडत नाही. स्पिंडल (जॉब फिरवणारा भाग) मोटरच्या केबलवर करंट सेन्सर लावा, जुन्या मशीनवरही बसतो, कंट्रोलरला हात लावावा लागत नाही. मशीन का थांबलं ते मात्र सेन्सरला कळत नाही, त्यासाठी ऑपरेटरला टॅबवर बटणं द्या: सेटिंग, इन्सर्ट (कापणारं पातं) बदल, मटेरियल नाही, क्यूसी (तपासणी).

मी एका ठिकाणी हे लावलं तेव्हा दिसलं की सेटिंग करणारा सेटर रॅकपाशी सॉफ्ट जॉ (जॉब पकडणारे जबडे) शोधतोय, एलन की दुसऱ्याच मशीनवर, आणि फर्स्ट पीस, म्हणजे तपासायचा पहिला जॉब, क्यूसीच्या टेबलावर पडून, कारण मायक्रोमीटर एकच. आम्ही पुढच्या जॉबचे जॉ, इन्सर्ट आणि चाव्या आधीच ट्रॉलीवर लावायला लागलो आणि एक मायक्रोमीटर वाढवला, बस, सेटिंगचा वेळ निम्म्यावर आला. सेटिंगचा वेळ कमी करण्याची पद्धत मांडणारे जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो हेच सांगायचे, मशीन चालू असताना जे उरकता येतं ते तेव्हाच उरका.

आणि हात जोडून सांगतो, या आकड्यांवरून कुणाचा पगार कापू नका, एकदा कापलात की पोरं चुकीचं बटण दाबायला लागतील आणि सगळा डेटा वाया.

1950 मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती, माणसं कमी करावी लागली, कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडांनी अध्यक्षपद सोडलं, आणि लगेच कोरियन युद्धामुळे ट्रकच्या ऑर्डरी आल्या. तुमच्यासारखंच, काम आलं पण माणसं कमी. मोठा खर्च करायची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनी वाया जाणारा वेळ आणि पडून राहणारा माल यांच्यावरच काम केलं.

एमएसएमई मंत्रालयाची मार्च 2023 पासून लीन (वाया जाणारा वेळ-माल कमी करण्याची) योजना आहे, उद्यम नोंदणी असेल तर जरूर बघा, सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा सरकार उचलतं. दोन आठवड्यांचं रीडिंग घ्या, मशीनप्रमाणे वेगवेगळं, आणि मला पाठवा, रोबोटचं तेव्हा बोलू.