आठवी ते दहावीच्या मुलांना पैशाचा व्यवहार शिकवायची सुरुवात कुठून करावी?

तुमच्या शाळेत दर शनिवारी एक तास मिळालाय आणि आठवी ते दहावीच्या मुलांना व्यवसाय आणि पैशाचे व्यवहार शिकवायचेत. सुरुवात कुठून करू, शेअर बाजार घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत बारा वर्षं गणित शिकवते. माझं मत विचाराल तर शेअर बाजार सगळ्यात शेवटी घ्या. आधी मुलांना घरातल्या माणसांच्या मेहनतीची किंमत काढायला शिकवा.

हे मला शाळेच्या आनंद बाजारात उमगलं, जिथं मुलं स्वतः दुकानं मांडतात. आमच्याकडे तो संक्रांतीच्या सुमारास भरतो. त्याच दिवसांत सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा असते, त्यामुळे पोरांच्या डोक्यात आधीच दुकानं मांडलेली असतात. एका वर्षी नववीतल्या चार मुलींनी शेंगाचटणी विकली. आपली चटणी उखळात, तेल सुटेपर्यंत कुटावी लागते, हे सोलापूरकरांना सांगायला नको. शंभर ग्रॅमची पुडी २५ रुपयांना. २२ पुड्या तासाभरात संपल्या. "मॅडम, साडेपाचशे नफा!" म्हणत चौघी माझ्याकडे धावत आल्या.

मी त्यांना फळ्यापाशी उभं केलं. शेंगदाणे दोन किलो, २८० रुपये. तिखट, लसूण, जिरं, मीठ मिळून ७०. पिशव्या ३०. झाले ३८०. म्हणजे नफा १७०. चेहरे थोडे उतरले, पण ठीक होतं. मग डबा उघडून नोटा मोजायला सांगितल्या, तर निघाले ४७५. तीन पुड्या मैत्रिणींना उधार गेल्या होत्या, सोमवारी देते म्हणून. विक्री ५५० ची, हातात ४७५, खर्च वजा जाता उरले ९५. विक्री, नफा आणि रोकड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर्षभर घसा कोरडा करूनही पटवू शकले नसते. त्या तीन पुड्यांनी ते पाच मिनिटांत पटवलं.

त्यानंतर मी विचारलं, कुटायला आणि भरायला किती वेळ लागला? चौघींचे दोन-दोन तास. आणखी कोण होतं? "आई होती." आईचे दोन तास. एकूण दहा तास, नफा १७०, म्हणजे ताशी १७ रुपये. वर्ग एकदम शांत झाला. त्या चौघींपैकी एकीची आई बिड्या वळते. तिथे मजुरी हजार बिड्यांमागे मिळते, आणि छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की तेवढी कापली जाते. दुसऱ्या दिवशी तिनं वहीचं मागचं पान उघडून फक्त मला दाखवलं. पानं भिजवायचा, कापायचा आणि माल पोचवायला जायचा वेळही धरून तिनं आईची ताशी कमाई काढली होती. मी ते कुणाला वाचून दाखवलं नाही.

हे तुम्हीही पाळा. घरात किती पैसे येतात, कर्ज किती आहे, हे वर्गात कधीही मोठ्यानं विचारू नका. हिशेब मुलानं स्वतःच्या घराचा करावा, पण वहीतच ठेवावा. फळ्यावरचं उदाहरण चटणीचं, भेळेचं किंवा तुम्ही रचलेलं घ्या. बापाची कमाई सगळ्यांसमोर सांगावी लागली, तर पोरगं पुढच्या शनिवारी येणारच नाही.

पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन मी जवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात गेले. मालकांनी हौसेनं सगळं दाखवलं. सुताचा भाव कसा वर-खाली होतो, विजेचं बिल, कामगारांची मजुरी, चादरीमागे काय पडतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन (ते नाव त्याच भागातल्या मालाला राखून ठेवणारी नोंदणी) असूनही दुसरीकडचा माल त्याच नावानं विकला जातो, याचं दुःखही सांगितलं. मग आमच्या एका मुलानं विचारलं, "काका, तुमचा स्वतःचा पगार किती धरता?" ते थोडा वेळ मागाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाळा, तो कधी धरलाच नाही." ते आणि त्यांच्या मंडळी मिळून रोज बारा-बारा तास तिथं असतात. घरच्या माणसाचे कष्ट फुकट धरायचे आणि उरेल त्याला नफा म्हणायचं, अशीच आपल्याकडची बहुतेक घरं आणि धंदे चालतात. मुलं पुढे चादरी विणोत की आणखी काही करोत, हे त्यांना चौदाव्या वर्षीच दिसावं असं मला फार वाटतं.

हिशेबासाठी शंभर पानी वही पुरे. रोजकीर्द लिहायला शिकवा: तारीख, तपशील, जमा, नावे, शिल्लक. पुस्तपालन हा विषय अकरावीला येतो, तोही वाणिज्य शाखेतच. सगळी मुलं तिथं पोचत नाहीत, म्हणून वहीची सवय आधीच लागलेली बरी.

त्यानंतर व्याज घ्या. आठवीच्या पुस्तकात चक्रवाढव्याज आहे, मुलं गणितं बरोबर सोडवतात. पण पुस्तक बोलतं द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा, आणि गल्ली बोलते "शेकडा तीन". शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, म्हणजे द.सा.द.शे. ३६, हा सांधा दहावीच्या हुशार मुलांनाही जुळत नव्हता. वीस हजारांवर महिना ६००, वर्षाला ७,२००, आणि मुद्दल जागच्या जागी. दुसरं उदाहरण रोजच्या वसुलीचं. दहा हजार लिहून घ्यायचे, हातात ९,००० द्यायचे, शंभर दिवस रोज १०० घ्यायचे. ऐकायला हजारच रुपये जातात. पण रोज परतफेड होत असल्यामुळे सरासरी निम्मीच रक्कम आपल्याकडे असते, आणि वर्षाचा दर ७५ टक्क्यांच्या पुढे जातो. हे फळ्यावर मांडून दाखवा. परवाना नसताना सावकारी करणं महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे, हेही सांगा.

ठेवींबद्दल मात्र मी जरा पोटतिडकीनं शिकवते. माझे वडील सूतगिरणीतून निवृत्त झाले आणि बँकेपेक्षा दीड टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी रक्कम एका पतसंस्थेत ठेवली. ती बुडाली. चपला झिजवूनही थोडेच परत मिळाले. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ४ फेब्रुवारी २०२० पासून माणशी, बँकेगणिक ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. नावात बँक आणि पतसंस्था यांतला फरक बघायला शिकवायला दहा मिनिटं लागतात. माझ्या वडिलांना ती दहा मिनिटं कुणी दिली नाहीत.

जीएसटीसाठी घरातली बिलं आणायला सांगा. बिलावर दुकानदाराचा जीएसटी नंबर असतो. त्या पंधरा अंक-अक्षरांच्या नंबरात सुरुवातीला २७ असेल तर नोंदणी महाराष्ट्रातली. पुस्तकातले १२ आणि २८ टक्क्यांचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरून गेलेत, तेवढं बोलताना दुरुस्त करा.

शेअर, म्युच्युअल फंड (अनेकांचे पैसे एकत्र करून गुंतवणारी योजना), एसआयपी (त्यात दरमहा ठरावीक रक्कम घालणं) हे सगळं दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाच्या प्रकरणात आहेच, तेवढं नीट घ्या. मोबाइलवर झटपट ट्रेडिंग दाखवणाऱ्यांना मात्र वर्गात बोलावू नका. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की, तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे, करणाऱ्या दर शंभर वैयक्तिक लोकांतले ९३ तोट्यात गेले. मुलांना हा एक आकडा पुरेसा बोलका आहे.

त्या मुलींनी दहावीत पुन्हा चटणी केली. या वेळी भाव ३५ ठेवला, आणि हिशेबाच्या कागदावर मिठाच्या खाली एक नवीन ओळ होती: "आईची मजुरी, ८० रुपये." ते पैसे त्यांनी पाकिटात घालून खरंच नेऊन दिले.

तुमच्या मुलांची बँकेत खाती काढायला विसरू नका. दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवता येतं, रिझर्व्ह बँकेनं २०२५ मध्येही ते पुन्हा स्पष्ट केलंय, मर्यादा बँक ठरवते. फॉर्म भरण्याआधी आधारवरचं आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळवून घ्या. आमच्याकडे निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, आडनावांची स्पेलिंगं दोन्हीकडे वेगळी असतात, आणि पहिल्या वर्षी आमचे अकरा फॉर्म त्याच कारणानं परत आले होते.